इटालियन की मंगोलियन

“मॅडम, एकच सांगा. इटालियन सोपी की मंगोलियन?”

चपला काढता काढताच त्यांनी विचारलं. मी फळ्यावरची सकाळच्या तासाची क्रियापदं पुसत होते, ती अर्धवटच राहिली.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुण्यात नळस्टॉपच्या पुढे, चष्म्याच्या एका दुकानावर खोली घेऊन मी तेव्हा इटालियनचे वर्ग चालवत असे. ‘फ्रेंच घेऊ की इटालियन’, ‘स्पॅनिश घेऊ की इटालियन’ असं विचारणारे पुष्कळ येत आणि त्यांना द्यायची उत्तरं मला पाठ होती. मंगोलियनचं नाव मात्र त्या खोलीत कुणी काढलं नव्हतं.

“बसा ना,” मी म्हटलं. “मंगोलियन म्हणालात?”

“हां. मंगोलिया. चीनच्या वर आहे तो.”

गृहस्थ साठीच्या पुढचे. पांढरा स्वच्छ शर्ट, पण नखांच्या कडांना कधीच न जाणारी काळी रेघ. त्यांच्यामागून एक बाई कठड्याला धरत जिना चढून आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत माझ्याकडे पाहून हसल्या आणि बाकावर बसल्या.

“मी एकनाथ गुंजाळ, संगमनेरचा. एसटीच्या वर्कशॉपला होतो, आता रिटायर. ही आमची मंडळी, कौसल्या. चिंचवडला मेव्हणीकडे उतरलोय. तिचा मुलगा म्हणाला, इथं भाषा शिकवतात.”

“मी इटालियन शिकवते. कोणाला शिकायचीय?”

“मला. हिला जमली तर हिलाही.”

“कशासाठी शिकायचीय ते कळलं तर मला सांगायला सोपं जाईल.”

“ते राहू द्या,” ते म्हणाले. “सोपी कोणती तेवढं सांगा.”

मी माझं नेहमीचं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. लिपी ओळखीची, एबीसीडीच. लिहिलं असेल तसंच वाचायचं. बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर, त्यामुळे मराठी जिभेला जड जात नाही. अडचण एवढीच की प्रत्येक वस्तूला लिंग आहे आणि क्रियापद माणसागणिक बदलतं.

“म्हणजे टेबल बाई का पुरुष?” गुंजाळांनी विचारलं.

“पुरुष. खुर्ची बाई.”

“मराठीत टेबल नपुंसक. तीन झेपतात तर दोन झेपतील.” त्यांनी मान डोलावली. “आणि मंगोलियन?”

“ती मला येत नाही. पण इटालियनपेक्षा नक्कीच अवघड असणार.”

“येत नाही, मग अवघड कशी म्हणता? दोन्ही गाड्या चालवल्याशिवाय स्टेअरिंग कुठलं हलकं, कसं कळायचं?”

मी फळा पुसायचं फडकं खाली ठेवलं. तेवढ्यात ते पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, “सहा महिने नेटानं शिकलो तर लहान मुलाशी बोलता येईल का हो?”

कौसल्याबाईंनी त्यांची बाही ओढली.

“लहान मुलांशी बोलणंच सगळ्यात अवघड,” मी म्हटलं. “मोठी माणसं आपल्यासाठी सावकाश बोलतात. मुलं नाही बोलत.”

“बरोबर आहे,” कौसल्याबाई म्हणाल्या. आल्यापासून तेवढंच बोलल्या.

ते गेल्यावर मी पुन्हा फळ्याकडे वळले, पण डोक्यात तेच. संगमनेरच्या निवृत्त मेकॅनिकला या दोन भाषांतली एक कशाला हवी? नोकरी म्हणावी तर वय नाही. धंदा म्हणावा तर काय विकणार, आणि दोन्ही देशांत मिळून? आईला सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, कसला तरी पंथबिंथ असेल.” मला वाटलं, फसवणूक असेल, कुणीतरी त्यांना परदेशाचं काहीतरी आमिष दाखवलं असेल. पण ‘लहान मुलाशी’ हे शब्द कशातच बसत नव्हते.

एक मात्र खरं, त्यांचं गाडीचं बोलणं मला लागलं होतं. मी वर्षानुवर्षं लोकांना इटालियन सोपी असल्याचं सांगत आले होते. कशापेक्षा सोपी, हे कधी तपासलंच नव्हतं. शिवाय त्या वर्षी वर्गात मुलं कमी होती आणि दोन विद्यार्थी हातचे जाऊ द्यायचे नव्हते.

आमच्या सोसायटीत पेइंग गेस्ट म्हणून राहणारी बोलोर नावाची एक मुलगी होती. मंगोलियातल्या उलानबातरहून बीबीएला आलेली. भाजीवाल्या मावशींशी घासाघीस करता करता ती मोडकंतोडकं मराठी शिकली होती. तिला जिन्यात गाठून विचारलं, एका आजी-आजोबांना तुझ्या भाषेची ओळख करून देशील का?

“माझी भाषा?” ती हसायलाच लागली. “दीदी, इथे सगळे विचारतात चायनीज येते का. मंगोलियन कोणीच नाही विचारत. कशाला पाहिजे?”

“ते सांगत नाहीत.”

“मग मी येतेच,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी चौघं माझ्या खोलीत जमलो. मी मधोमध रेघ मारून फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे मी, उजवीकडे बोलोर.

“एकच वाक्य दोघी लिहा,” गुंजाळ म्हणाले. “मी घरी जातो.”

मी लिहिलं, ‘वादो आ काझा’. समजावलं की ‘मी’ म्हणायची गरज नाही, ते क्रियापदातच आलं. मग ‘कडे’, मग ‘घर’. म्हणजे आपल्या उलट, जाणं आधी आणि घर शेवटी.

बोलोरनं रशियन वळणाच्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि वाचलं, “बी गेरते हारना.”

“फोड करून सांग.”

“बी म्हणजे मी. गेर म्हणजे घर. गेरते, घरी. हारना, जातो. परत जातो.”

गुंजाळ उठून फळ्यापाशीच गेले. “मी, बी. घर, गेर. घरी, गेरते. आणि जातो शेवटी! अहो मॅडम, ही तर आपलीच बोली झाली.”

“योगायोग आहे तो,” मी म्हटलं. “दोन्ही भाषांचा काही संबंध नाही.”

“नसंना. लक्षात राहायला बरं.”

मग त्यांनी बोलोरला पिळूनच काढलं. घरून? गेरेस. घराचं? गेरीन. शब्दाला मागून शेपूट लावायचं, आपल्यासारखंच. लिंग आहे? नाही, काहीच नाही; तो, ती, ते सगळ्याला एकच शब्द. हे ऐकून कौसल्याबाई खूश झाल्या. पण अक्षरांपाशी गुंजाळ अडले. इंग्रजी एचसारखं अक्षर न वाचायचं, पीसारखं असेल तर र. “हा काय चावटपणा?” ते म्हणाले. उच्चारही तसेच. घशातून खरवडून काढलेला तो ह त्यांना येईना, आणि एक ल तर असा होता की जीभ दातामागे लावून कडेनं हवा सोडायची. कौसल्याबाईंनी तो करून पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मी डावीकडून माझी बाजू लावून धरत होते. पुस्तकं मिळतील, सीडी मिळतील, शिकवणारी मी इथंच आहे. बोलोर परीक्षा झाली की जाईल, मग कोणाला विचारणार? हे सगळं खरंच होतं. पण बोलताना मला जाणवत होतं, मी जरा जास्तच जोर लावते आहे. आणि कशासाठी लावते आहे, म्हणजे यांना ही भाषा कुठं न्यायचीय, हेच मला माहीत नव्हतं.

गुंजाळ फळ्याकडे बघत उभे होते. “ही वाचायला सोपी, रचायला अवघड. ती रचायला सोपी, वाचायला नि बोलायला अवघड,” ते स्वतःशीच म्हणाले. “म्हणजे आलो तिथंच.”

तेव्हा कौसल्याबाईंनी बोलोरला विचारलं, “पोरी, तुमच्यात लहान लेकरं आजीला काय म्हणतात गं?”

“एमे.”

“आणि इटलीत?”

“नोन्ना,” मी म्हटलं.

“मग एजे कोण?”

“एजे?” बोलोर म्हणाली. “ते आईला. एज म्हणजे आई. आईला हाक मारताना एजे! असं.”

कौसल्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “म्हणजे ती मला नव्हती हाक मारत.”

“असू दे गं.”

“ती आईला बोलवत होती, अहो. फोन माझ्याशी चाललेला, आणि ती आईला बोलवत होती. मी म्हणते, आजे म्हणती, आजे म्हणती. साऱ्या गल्लीला सांगितलं मी.”

काय झालं ते बोलोरला कळेना, मलाही कळेना. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. ती “सॉरी, आजी” म्हणाली आणि ते ऐकून कौसल्याबाईंच्या डोळ्यांतून पाणीच आलं. मी माठातलं पाणी आणून दिलं. गुंजाळ बाकावर बसले. थोड्या वेळानं आपण होऊनच बोलायला लागले.

त्यांचा मुलगा प्रमोद. डेअरीचा डिप्लोमा केला, संगमनेरच्या दूध संघात काही दिवस उमेदवारी केली आणि मग उत्तर इटलीत चीज बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. तिथंच ओयुना काम करत होती, मंगोलियाहून आलेली. दोघांनी लग्न केलं. मुलगी झाली, तिचं नाव नोमिन.

“एकदा घेऊन आला होता दोघींना. महिनाभर होते. ही रोज नातीला तेल लावून न्हाऊ घालायची. ओयुना स्वभावानं फार चांगली. आम्ही प्रमोदला मराठीत सांगायचो, तो तिला इटालियनमध्ये सांगायचा. ती बोलायची, तो आम्हाला सांगायचा. महिना कसा गेला कळलं नाही. मागल्या हिवाळ्यात धुक्यात त्याची गाडी ट्रकवर गेली.”

बोलोरनं माझा हात धरला. तिला सगळे शब्द कळले नसतील, पण तेवढं कळलं होतं.

“त्यानंतर दर रविवारी तिचा फोन येतो. एक रविवार चुकवला नाही तिनं. पण बोलायचं काय? ती बोलते, आम्ही ऐकतो. आम्ही बोलतो, ती ऐकते. मग ही रडते, तिकडं ती रडते. मग फोन ठेवतो. प्रमोदचा एक पंजाबी दोस्त होता, त्यानं सुरुवातीला एकदा सांगितलं, भाभी सोच रही है, इधर रहे कि अपने मुल्क जाए. नंतर त्याचाही नंबर लागेना. तिथं राहिली तर पोर इटालियन बोलणार. माहेरी गेली तर मंगोलियन. माझ्या टाळक्यात या वयात दोन्ही मावायच्या नाहीत. म्हणून तुम्हाला विचारलं, सोपी कोणती.”

“अहो, पण तिलाच विचारायचं ना, कुठं राहणार म्हणून.”

“कोणत्या भाषेत?” गुंजाळ म्हणाले.

मी ओशाळले. मग म्हटलं, “माझ्या. मी विचारते.”

“नको. परक्याच्या तोंडून असलं विचारलं तर तिला वाटेल, म्हातारा चौकशा करतोय. सासरा म्हणून पोरीवर हक्क सांगतोय. आमच्या भावकीतले सांगतातच, नात इकडं घेऊन या म्हणून. मी त्यांना हाकलून लावलं. तिचं तिला ठरवू दे. ठरवेल तशी मी भाषा शिकेन.”

“पण तिनं ठरवलंय हे तुम्हाला कळणार कसं?”

ते फळ्यावरच्या दोन वाक्यांकडे बघू लागले. खरं तर मलाही प्रश्नाचं टोक सापडत नव्हतं. भाषा शिकल्याशिवाय विचारता येत नाही, आणि विचारल्याशिवाय भाषा ठरत नाही.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. दोघंही दचकले. रविवार होता.

“तिचाच आहे,” गुंजाळ म्हणाले. त्यांनी स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं “हॅलो, बाळा!” म्हणाले. तिकडून बारीक आवाजात “नमस्ते, पापा. नमस्ते, मम्मा” आलं आणि मग इटालियनमध्ये एक वाक्य. हळू, एकेक शब्द तोडून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं.

मी ते वाक्य ऐकलं आणि माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

कौसल्याबाई नेहमीसारखं “हो बाई, हो बाई” म्हणाल्या आणि हुंदका दिला. तिकडे सुस्कारा ऐकू आला.

“थांबा,” मी म्हटलं. “ती काय म्हणाली माहीत आहे का तुम्हाला?”

कुणाच्या परवानगीची वाट न बघता मी फोनवर वाकले आणि इटालियनमध्ये माझं नाव सांगितलं. तिकडून घाबरलेला आवाज, “कोण? मम्माला काही झालंय का?” मी तिला सांगितलं, सगळे ठीक आहेत, समोरच बसलेत, मी भाषा शिकवणारी बाई आहे, आत्ता विचारलंत ते पुन्हा विचारा.

ओयुना भराभर बोलायला लागली. त्या कारखान्याकडचे हेल काढून, मध्येच शब्द गिळून. मला दोनदा थांबवावं लागलं.

मग मी दोघांकडे वळून सांगितलं, “ती विचारतेय, मी नोमिनला घेऊन माझ्या आईकडे जाऊ का? म्हणते, हिवाळ्यापासून दर रविवारी हेच विचारतेय. तिची आई म्हणते, सासूसासऱ्यांना विचारल्याशिवाय घर हलवू नकोस. पण ती विचारते आणि मम्मा रडतात. म्हणून ती गेली नाही. तिला वाटतं, तुम्ही नको म्हणताय.”

गुंजाळांनी बायकोकडे पाहिलं. “हे विचारत होती?”

“मी तर हो म्हणत होते!” कौसल्याबाई म्हणाल्या. “दर वेळी हो बाई, हो बाई म्हणत होते.”

“रडत म्हणत होतीस.”

“मग आणखी कसं म्हणू?”

फोनमधून ओयुना विचारत होती, काय म्हणतात, काय म्हणतात? गुंजाळ ताठ बसले. घसा साफ करून मला म्हणाले, “तिला सांगा, तुझी मर्जी. आमचं काही म्हणणं नाही.”

मी त्याचं इटालियन केलं. अगदी शब्दाला शब्द. ‘कोमे व्वोई तू’, तुला हवं तसं कर, आमचं काही म्हणणं नाही.

ओयुना कोरडेपणानं म्हणाली, “कळलं.” आणि जरा वेळानं, “म्हणजे आम्ही राहिलो काय, गेलो काय, त्यांना सारखंच.”

वाक्य बरोबर होतं. व्याकरणात काही चूक नव्हती. गुंजाळांच्या तोंडून निघालं तेव्हा त्यात माया होती, मी ती समोर बसून पाहिली होती. माझ्या तोंडून तिच्या कानात गेलं तेव्हा ते झटकून टाकल्यासारखं झालं. मध्ये काय सांडलं, कुठं सांडलं, मला कळेना. मी तिला सांगायला गेले, की तसं नाही, मराठीत याचा अर्थ वेगळा होतो. पण वेगळा म्हणजे काय, ते सांगायला शब्द आठवेनात. एवढी वर्षं शिकवत होते ती भाषा ऐन वेळी माझ्यापाशी नव्हतीच.

मी गुंजाळांना तिचं बोलणं सांगितलं. ते उठूनच उभे राहिले.

“असं कुठं म्हणालो मी? सारखं कसं असेल? मग तिला सांगा, तिथंच राहा. प्रमोद राहिला ते गाव आहे. त्याला ओळखणारी माणसं आहेत तिथं. पोरीला कुणीतरी सांगेल, तुझा बाप असा होता. त्या तिकडच्या मुलखात त्याला कोण ओळखतंय? सांगा, मी इटालियन शिकतो. सहा महिन्यांत शिकतो म्हणावं.”

मी तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं. हे सांगितलं तर ती राहील, हे मला दिसत होतं. मला दोन विद्यार्थी मिळतील हेही, लाज वाटली तरी, दिसत होतं. आणि न सांगणारी मी कोण?

“मॅडम, हे नका सांगू,” कौसल्याबाई म्हणाल्या.

“का नको?” गुंजाळ म्हणाले.

“तुम्ही बसा.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “माझं लेकरू त्या मुलखात गेलं. तिचं लेकरू तिथं एकटं आहे, आणि ती स्वतः कुणाचं तरी लेकरूच आहे ना? तिची आई वाट बघत असेल. माझ्याकडं कुणी यायचं राहिलं नाही. तिच्याकडं तर येऊ द्या.”

गुंजाळ बसले.

कौसल्याबाईंनी बोलोरला जवळ ओढलं. “तू सांग तिला. तुझ्या बोलीत सांग. म्हणावं, आईकडं जा. आम्ही रडतो ते प्रमोदसाठी, तुला अडवायला नाही. म्हणावं, जा, आणि तिथून फोन करत जा.”

“आजी, मला सगळं मराठी कळलं नाही,” बोलोर म्हणाली. “पण सांगते.”

ती फोनवर वाकली आणि बोलू लागली. तिच्या बोलण्यातलं मला ‘एज’ तेवढं कळलं, आणि ‘गेर’. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. तिकडून ओयुनाचा रडण्याचा आवाज आला, आणि मग ती बोलतच सुटली. मघाच्या त्या तोडून तोडून बोलणाऱ्या बाईचा तो आवाज वाटेना. बोलोर ऐकत होती, हो हो म्हणत होती, नाक पुसत होती, आणि आम्हाला काही सांगायचं विसरूनच गेली होती.

“काय म्हणतेय?” गुंजाळांनी न राहवून विचारलं.

“खूप बोलते,” बोलोर म्हणाली. “म्हणते, जाते. वसंतात जाते. आणि म्हणते...” ती शब्द शोधत राहिली. “नोमिन तिच्या पापांची भाषा विसरणार. तिला कोण शिकवणार? मला तर येत नाही.”

गुंजाळ टेबलावरच्या फोनकडे पाहत राहिले. ही भाषा मराठी आहे हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मलाही लागला. इतका वेळ आम्ही दोनच भाषांचा विचार करत होतो.

“मी शिकवतो म्हणावं,” शेवटी ते म्हणाले. “पण आधी तिची मला शिकू दे. नाहीतर कशातून शिकवू?”

बोलोरनं ते सांगितलं. तिकडे कुणीतरी लहान मूल काहीतरी म्हणालं. या वेळी कौसल्याबाई नुसत्या फोनला हात लावून बसल्या.

ओयुना मंगोलियाला गेली. गुंजाळ पती-पत्नी त्यानंतर दर शनिवारी चिंचवडला मुक्कामाला येत आणि रविवारी माझ्या खोलीत बोलोरकडून शिकत. मी खोली तेवढ्या वेळापुरती त्यांना देऊन टाकली होती. कधी मी मागे बसून वह्या तपासत असे. गुंजाळ ती अक्षरं गिरवताना चिडत. कौसल्याबाई काही लिहून घेत नसत. ऐकत आणि म्हणत. तो कडेनं हवा सोडायचा ल त्यांना आधी जमला. बोलोर परत गेल्यावर त्यांचं पुण्याला येणं थांबलं. मला वाटलं, आता सुटेल सगळं. नंतर एकदा फोनवर गुंजाळ म्हणाले, आता ओयुनाच शिकवते आणि नात चुका काढते.

‘तुझी मर्जी’चं इटालियन मी त्यानंतर पुष्कळ करून पाहिलं. विद्यार्थ्यांना दिलं, एका इटालियन पाहुण्यांना विचारलं. ते म्हणाले, कोमे व्वोई. मी म्हटलं, तेच तर.

पुढे बऱ्याच वर्षांनी गुंजाळांनी मला संगमनेरला जेवायला बोलावलं. ओयुना आणि नोमिन सुटीत आल्या होत्या. मी पोचले तेव्हा अंगणात गुंजाळ आणि एक उंच, लांब वेणीची मुलगी स्कूटरचं चाक खोलून बसली होती आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. पाना, नट, नालायक एवढे शब्द मराठी होते. बाकीचे नव्हते. गुंजाळ माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, या, या. ही मला शिकवतीय चाक कसं बसवायचं,” आणि पुन्हा तिच्यावर ओरडायला लागले. आवाज अगदी घशातून खरवडून येत होता.

मी आत गेले. स्वयंपाकघरात ओयुना कणकेचे गोळे करत होती, कौसल्याबाई लाटत होत्या. मला फार उत्सुकता होती. इतकी वर्षं मनात ठेवलेलं एक वाक्य मला तिला स्वतः सांगायचं होतं. मी इटालियनमध्ये बोलायला सुरुवात केली. ती हसली, दोन-चार शब्द बोलली, मग अडली. हातानं डोक्याभोवती गोल केला, जणू तिथून सगळं उडून गेलं. मग कौसल्याबाईंकडे वळून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली.

“ती म्हणती, त्या दिवशी फोनवर तुम्हीच होता का?” कौसल्याबाईंनी पोळी तव्यावर टाकत विचारलं.

“हो. मीच. तिला सांगा, मी तेव्हा चुकीचं...” मी थांबले. “तिला सांगा, पापा तसं म्हणाले नव्हते.”

कौसल्याबाईंनी सांगितलं. किती सांगितलं कोण जाणे. माझ्या दोन वाक्यांना त्यांना बराच वेळ लागला. ओयुनानं कणकेचे हात तसेच ठेवून ऐकलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, मग काहीतरी लांबलचक बोलली. दोघी एकदम हसायला लागल्या. कौसल्याबाईंना तर ठसकाच लागला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“काही नाही हो,” कौसल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. “ते मराठीत नाही सांगता यायचं. बसा तुम्ही, गरम गरम वाढते.”